गोव्याची हवा नकाशावर: 'आर' वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'आर' या आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत हवेच्या प्रदूषणाचे आकडे गोव्याच्या नकाशावर मांडताना अडलेल्या लोकांनी पाठवलेले हे प्रश्न आहेत. विचारणारे बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी, काही शिक्षक, काही पत्रकार, आणि ग्रामसभेत आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडू पाहणारे गावकरी. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. नवखे असाल तर वरून वाचत या. ठिपके समुद्रात पडतायत म्हणून आला असाल तर थेट प्रश्न ५ गाठा.

१. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. एक्सेलमध्ये आलेख जमतात, मग 'आर' कशाला शिकायचं?

एकाच दिवसाचे आठ-दहा ठिपके नकाशावर टाकायचे असतील तर शिकू नका. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, माउसने चालतं, आणि नकाशा लवकर हातात येतो. 'आर' लागतं ते तोच नकाशा दर महिन्याला नव्या आकड्यांवर काढायचा असेल किंवा प्रदूषणासोबत वाराही मांडायचा असेल तेव्हा. 'ओपनएअर' हे पॅकेज, म्हणजे 'आर'ला जोडायचा तयार फंक्शनांचा संच, डेव्हिड कार्सलॉ आणि कार्ल रॉपकिन्स यांनी खास हवेच्या आकड्यांसाठी लिहिलं आहे. तास, वार, ऋतू, वाऱ्याची दिशा या सगळ्यांची उस्तवारी ते करतं.

मला स्वतःला दुसरं एक कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. सुनावणीत कुणी उठून विचारलं, 'हा आकडा आला कुठून?' तर एक्सेलमध्ये कुठल्या खान्यात काय केलं ते आठवत बसावं लागतं. 'आर'मध्ये लिहिलेल्या ओळी तशाच पुढे ठेवता येतात, आणि समोरचाही त्या चालवून बघू शकतो.

२. जुन्या ट्यूटोरियलमधला कोड जसाच्या तसा टाकला, तरी चालत नाही. माझं काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही. या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत बरीच पडझड झाली. 'आरजीडाल', 'आरजीऑस' आणि 'मॅपटूल्स' ही नकाशाच्या कामाची तीन जुनी पॅकेजं ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्यांची जागा 'एसएफ' आणि 'टेरा' यांनी घेतली आहे. 'जीजीमॅप'मधून गूगलचा नकाशा आणायचा तर २०१८ पासून चावी, म्हणजे नोंदणी करून मिळणारा सांकेतिक शब्द, सक्तीची आहे. स्टेमेन या कंपनीचे सुंदर काळेपांढरे नकाशे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर स्टेडिया मॅप्सकडे गेले, आणि तिथेही चावी मागतात. 'ओपनएअर'मधलं गूगल नकाशावर ठिपके टाकणारं फंक्शन तर कधीच काढून टाकलं आहे.

आज सुरुवात करणाऱ्याने एवढं बसवावं: 'ओपनएअर', त्याच्या आकृत्या नकाशावर ठेवणारं 'ओपनएअरमॅप्स', ठिकाणं आणि सीमा हाताळणारं 'एसएफ', आलेख काढणारं 'जीजीप्लॉट२', ब्राउझरमधल्या नकाशासाठी 'लीफलेट', आणि छापील नकाशासाठी 'मॅपटाइल्स'. ट्यूटोरियल उघडलं की आधी त्याची तारीख बघा.

३. आकडे कुठले घ्यायचे आणि तक्ता कसा मांडायचा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ यांची मोजणी केंद्रं हा मुख्य आधार. केंद्रं दोन जातींची असतात, आणि हा फरक पहिल्या दिवशीच समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सतत मोजणारी केंद्रं दर तासाचा आकडा देतात. हाताने चालवायच्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, २४ तासांचा नमुना घेतात. वर्षाला निदान १०४ नमुने व्हावेत असा दंडक आहे. तासाच्या आकड्यांवर जे नकाशे काढता येतात ते दुसऱ्या जातीच्या आकड्यांवर निघत नाहीत (प्रश्न १२).

तक्ता लांबट ठेवा. एका केंद्राची एका वेळेची नोंद म्हणजे एक ओळ. रकाने असे: तारीख-वेळ, केंद्राचा संकेतांक, अक्षांश, रेखांश, प्रदूषकांचे आकडे, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा. महिन्यागणिक वेगळा रकाना, केंद्रागणिक वेगळं पान असली मांडणी वाचायला बरी वाटते, पण 'आर'ला ती चालत नाही.

४. अक्षांश-रेखांशाची यादी वेगळ्या फाइलमध्ये आहे. जोडली की निम्मी केंद्रं गायब होतात. का?

गोव्यात एकाच गावाला तीन-तीन नावं आहेत म्हणून. एका फाइलीत पणजी असतं, दुसरीत पणजिम. एकीकडे मडगाव, दुसरीकडे मार्गांव. डिचोलीचं बिचोलिम होतं, साखळीचं सांकेलिम, वाळपईचं वाळपॉय. वास्को हे कुठे नुसतं 'वास्को' असतं तर कुठे 'वास्को द गामा'. रोमन लिपीत तर कुडचडे आणि आमोणे यांची स्पेलिंगं वर्षागणिक बदलतात. शिवाय नावाच्या शेवटी डोळ्याला न दिसणारी रिकामी जागा राहिलेली असते, ती वेगळीच.

नावावर जोडणी करू नका. प्रत्येक केंद्राला स्वतःचा एक संकेतांक द्या. एक छोटा तक्ता करा, ज्यात सापडलेलं प्रत्येक नाव आणि त्याचा संकेतांक समोरासमोर असेल. जोडणीनंतर 'अँटी जॉइन' चालवून कोण सुटलं ते बघा. यादी रिकामी आली की मगच पुढे जा.

५. पणजीचा ठिपका अरबी समुद्रात पडतो. एकदा तर सगळे ठिपके आफ्रिकेजवळ गेले. हे काय आहे?

या दोन वेगळ्या चुका आहेत, आणि तिसरीही एक आहे.

पहिली, अंश-मिनिटांची. पणजी साधारण १५ अंश २९ मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ५० मिनिटं पूर्व या ठिकाणी आहे. हे कुणी १५.२९ आणि ७३.५० असं टंकलं की काम बिघडलं. मिनिटांना ६० ने भागायचं असतं: २९ भागिले ६० म्हणजे ०.४८३, आणि ५० भागिले ६० म्हणजे ०.८३३. खरे आकडे १५.४८३ आणि ७३.८३३. चुकीच्या आकड्यांनी ठिपका सुमारे २१ किलोमीटर दक्षिणेला आणि ३६ किलोमीटर पश्चिमेला सरकतो, म्हणजे भर समुद्रात. समुद्रात पडला तर निदान दिसतो तरी. वाळपईचा ठिपका असाच सरकून दुसऱ्याच एखाद्या गावावर बसला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी, अदलाबदलीची. 'एसएफ'ला आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यायचा असतो. आपल्याला शाळेपासून उलट सवय. उलटं दिलं की गोवा नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या समुद्रात जातो. 'आर' तक्रार करत नाही, कारण ७३ हा अक्षांशही शक्य असतोच.

तिसरी, प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या रीतीची, आणि आफ्रिकेचं कोडं इथे सुटतं. आकडे अंशांत असतील तर त्यांची ओळख ४३२६ या क्रमांकाने करून द्यायची. वेबवरच्या नकाशांचं प्रक्षेपण ३८५७ असतं आणि ते मीटरमध्ये चालतं. अंशांतल्या आकड्यांवर थेट ३८५७ ची चिठ्ठी चिकटवली तर ७३ अंशांचे ७३ मीटर होतात, आणि सगळा गोवा शून्य अक्षांश-शून्य रेखांशावर, गिनीच्या आखातात, एका बिंदूत गोळा होतो. चिठ्ठी लावणं आणि रूपांतर करणं ही दोन वेगळी फंक्शनं आहेत. आधी ४३२६ ची चिठ्ठी, मग 'एसटी ट्रान्सफॉर्म'ने ३८५७ मध्ये रूपांतर.

कायमचा उपाय: फाइल वाचल्याबरोबर अक्षांश १४.८ ते १५.९ आणि रेखांश ७३.६ ते ७४.४ या चौकटीबाहेरची प्रत्येक ओळ छापून दाखवणारी एक तपासणी लिहून ठेवा.

६. पार्श्वभूमीला कुठला नकाशा चांगला? उपग्रहाचं चित्र घेऊ का?

उपग्रहाचं चित्र घेऊ नका. गोव्याचा हिरवा गर्द, खाणींचा तांबडा, समुद्राचा निळा या रंगांत तुमचे हिरवे-पिवळे-लाल ठिपके हरवतात. फिकट करडी पार्श्वभूमी घ्या. कार्टो या कंपनीचा 'पॉझिट्रॉन' नकाशा या कामाला उत्तम, कारण त्यात नद्या आणि रस्ते दिसतात, पण डोळ्यांत खुपत नाहीत.

झूम किती ठेवायचा हाही नेहमीचा प्रश्न. झूम १० ला आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल म्हणजे जवळपास १५० मीटर. गोवा उत्तर-दक्षिण शंभर-एकशेपाच किलोमीटर, म्हणजे सातशेच्या आसपास पिक्सेल. पडद्यावर ठीक, छपाईला कमी. छपाईसाठी ११ किंवा १२ घ्या. मात्र झूम वाढला की पार्श्वभूमीवरची गावांची नावं कागदावर बारीक होतात, म्हणून नावं नसलेली पार्श्वभूमी घेऊन नावं स्वतः टाकलेली बरी (प्रश्न १७). नुसतं वास्को शहर दाखवायचं तर १४ पुरतो.

७. हे नकाशे छापले तर कुणाची परवानगी लागते?

ओपनस्ट्रीटमॅपचे आकडे खुले आहेत, पण श्रेय देणं बंधनकारक आहे. नकाशाच्या कोपऱ्यात 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' असा उल्लेख हवाच, आणि कार्टोची पार्श्वभूमी असेल तर त्यांचाही. फरश्या, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, घाऊक भावाने उतरवून घेण्याला ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवर मनाई आहे. एकदा उतरवलेल्या फरश्या आपल्या संगणकावर साठवा आणि त्याच वापरा.

कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा टाकून त्यात गोवा दाखवणार असाल तर जपा. देशाची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवावी लागते, आणि परदेशी स्रोतांतली काश्मीरची सीमा तशी नसते. छोटा नकाशा टाळला तर हा प्रश्नच येत नाही.

८. 'जीजीमॅप'वर तालुक्यांच्या सीमा टाकल्या. आधी 'रेखांश सापडत नाही' अशी चूक आली, मग सीमा किंचित सरकलेल्या दिसल्या.

पहिली चूक अशी: 'जीजीमॅप' खालच्या थराला रेखांश-अक्षांशाचे रकाने ठरवून देतं, आणि वरचा 'जिऑम एसएफ'चा थर तेच रकाने आपल्या तक्त्यात शोधतो. त्या थराला वरून काही वारशाने घेऊ नकोस, असं सांगणारा पर्याय 'फॉल्स' करा. दुसरी अडचण खोल आहे. चित्र मर्केटर प्रक्षेपणात (प्रश्न ५ मधलं ३८५७) असतं, पण त्याच्या चौकटीची नोंद अंशांत असते, त्यामुळे दोन्ही तंतोतंत बसत नाहीत. गोव्याएवढ्या जागेत फरक थोडा असतो, पण नदीकाठच्या गावाची सीमा पाण्यात गेलेली दिसते. याच्याशी झगडण्यापेक्षा 'मॅपटाइल्स'ने फरश्या आणा. त्या प्रक्षेपणाची माहिती सोबत घेऊन येतात आणि सगळं जागच्या जागी बसतं.

९. रंग हवेच्या निर्देशांकाचे द्यायचे की थेट आकड्यांचे?

एका दिवसाचा नकाशा असेल तर निर्देशांकाचे सहा वर्ग चालतील: ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट, त्यापुढे गंभीर. हा निर्देशांक २०१५ पासून वापरात आहे आणि लोकांना तो ओळखीचा आहे. पण तो २४ तासांच्या सरासरीसाठी बनवलेला आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन या दोघांना तेवढे ८ तास. वर्षाच्या सरासरीला निर्देशांकाचे रंग देणं सरळ चूक आहे, आणि या चुकीने हवा आहे त्यापेक्षा चांगली दिसते. पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण; पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे) यांची वार्षिक सरासरी ५० असेल तर दैनिक वर्गवारीत ती 'समाधानकारक' ठरते, पण भारताचं वार्षिक प्रमाण ४० आहे. म्हणजे तीच हवा प्रमाणाबाहेर असते.

वार्षिक नकाशाला थेट मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आकडे दाखवा आणि रंगपट्टीवर प्रमाणांच्या खुणा करा. २००९ च्या राष्ट्रीय प्रमाणांनुसार वार्षिक सरासरी पीएम १० साठी ६०, पीएम २.५ साठी ४०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५. दोन्ही खुणा दाखवाव्यात असं माझं ठाम मत आहे.

रंगांधळ्या वाचकांना लाल-हिरवा फरक कळत नाही. त्यामुळे 'व्हिरिडिस' पट्टी घ्या, किंवा ठिपक्याशेजारी आकडाच छापा. केंद्रं मोजकीच असतात, जागा पुरते.

१०. वर्षाची सरासरी काढून नकाशा केला, तर गोव्याची हवा सगळीकडे छान दिसते. खरंच तशी आहे का?

जून ते सप्टेंबर पाऊस धूळ धुऊन काढतो. ते चार महिने सरासरीत मिसळले की मार्चमधली धूळ त्यात विरून जाते. म्हणून गोव्याचा एक नकाशा पुरत नाही. ऋतूंप्रमाणे चार नकाशे शेजारी-शेजारी, एकाच रंगपट्टीवर लावा. प्रत्येकाला वेगळी रंगपट्टी दिलीत तर पावसाळाही लाल दिसेल.

इथे एक खाच आहे. 'ओपनएअर'ला ऋतूंप्रमाणे भाग पाड म्हटलं की ते विलायती ऋतू पाडतं: जून ते ऑगस्ट उन्हाळा, सप्टेंबर ते नोव्हेंबर शरद. म्हणजे आपला पावसाळा मधोमध कापला जातो. हवामान खात्याची विभागणी स्वतः लिहून द्या: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे पावसाळ्यापूर्वीचा काळ, जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाळ्यानंतरचा.

गाळलेल्या नोंदींकडेही बघा. 'टाइमॲव्हरेज' फंक्शनला ७५ टक्के नोंदी असल्याशिवाय सरासरी काढू नकोस असं सांगता येतं. मार्च-एप्रिलभर यंत्र बंद असलेलं केंद्र वर्षाच्या सरासरीत सगळ्यात स्वच्छ ठरू शकतं.

११. वाऱ्याचे आकडे विमानतळाचे घेतले. प्रदूषणाच्या तक्त्याशी जोडले तर एकही ओळ जुळली नाही.

'वर्ल्डमेट' पॅकेजमधून दाबोळीचे आकडे घेतले असतील. ते ग्रिनिच वेळेत येतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे तिकडचे सकाळचे ६ म्हणजे इथले साडेअकरा. प्रदूषणाची नोंद मात्र ११ किंवा १२ वाजता, पूर्ण तासाला. मिनिटं ३० आणि ०० अशी असल्यावर जुळणार कशी? वेळक्षेत्र 'एशिया/कोलकाता' करा, मग वाऱ्याची वेळ खालच्या पूर्ण तासावर आणा, आणि असं केल्याचं टिपेत लिहा. साडेपाचऐवजी नुसते पाच तास मिळवून ओळी जुळवणारेही असतात. पण मग वेळक्षेत्र ग्रिनिचचंच राहतं आणि पुढे तारखांचा घोळ होतो.

दाबोळीचा वारा वास्कोला चालतो. वाळपई, सांगे, धारबांदोडा इथे घाटाच्या पायथ्याशी वारा वेगळा असतो. त्या भागासाठी दाबोळीचा वारा वापरून काढलेला निष्कर्ष मी तरी मान्य करणार नाही.

१२. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा घेतलेले २४ तासांचे नमुने आहेत. त्यांचा पोलरमॅप, म्हणजे वाऱ्याची दिशा आणि वेग यांप्रमाणे प्रदूषण दाखवणारी गोल आकृती नकाशावर, काढता येईल का?

नाही. कारण समजून घ्या, ते महत्त्वाचं आहे. किनाऱ्यावर दिवसा खारे वारे पश्चिमेकडून येतात, रात्री मतलई वारे पूर्वेकडून. दिवसभराच्या दिशांची सरासरी काढली की २७० आणि ९० अंश एकमेकांना खोडतात. उरते ती प्रत्यक्षात कुठल्याच तासाला न वाहिलेल्या वाऱ्याची दिशा. त्या दिशेवर काढलेला नकाशा रंगीत दिसेल, पण त्याला अर्थ नसेल.

पण तुमचे नमुने वाया गेलेले नाहीत. वाऱ्याचे तासाचे आकडे घ्या. नमुन्याच्या प्रत्येक २४ तासांत, संशयित ठिकाणाच्या बाजूने किती तास वारा आला ते मोजा. मग जास्त तासांचे दिवस आणि कमी तासांचे दिवस यांतला पीएम १० चा फरक बघा. नकाशावर केंद्राचा ठिपका आणि त्याला जोडून हे दोन आकडे छापले की झालं. साधा दिसतो, पण हा नकाशा उलटतपासणीत टिकतो.

१३. वास्कोच्या पोलरमॅपवर लाल डाग पाण्यावर पडतो. समुद्रातून प्रदूषण येतं असं समजायचं का?

मला सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच होतात.

पोलर आकृतीत केंद्रापासूनचं अंतर म्हणजे वाऱ्याचा वेग. किलोमीटर नव्हेत. मधोमध वारा शून्य, कडेला जोराचा. दिशा मात्र खरी असते: वारा जिकडून येतो ती बाजू. ही आकृती नकाशावर ठेवली की डोळा आपोआप लाल डागाखालची जागा वाचतो, मग ते घर असो, देऊळ असो की पाणी. त्या जागेचा काही संबंध नसतो. आकृती मोठी केली की डाग दुसऱ्याच जागेवर जातो, यावरूनच हे कळावं.

लाल भाग वायव्येला आणि कडेकडे असेल तर एवढंच म्हणता येतं: वायव्येकडून जोराचा वारा असताना इथे धूळ जास्त मोजली गेली. वास्को शहराच्या वायव्येला मुरगाव बंदर आहे, तिथे कोळसा उतरवला जातो, आणि उघड्या ढिगांवरची भुकटी जोराच्या वाऱ्यानेच उडते. त्यामुळे संशय रास्त आहे. पण त्याच दिशेने, त्याच खाऱ्या वाऱ्यासोबत समुद्राच्या मिठाचे कणही येतात, आणि तेही पीएम १० मध्ये मोजले जातात. दोन्ही वेगळे करायला कणांचं रासायनिक पृथक्करण लागतं. नकाशावर दिशेची रेघ दाखवा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या केंद्रावरूनही रेघ काढा. दोन रेघा जिथे छेदतात ती जागा एका डागापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

आकृती काढताना एका कप्प्यात निदान काही नोंदी असल्याशिवाय रंग भरू नये, यासाठी 'मिन बिन' हा पर्याय वाढवा. मुळात तो १ असतो, आणि मग वादळी वाऱ्याच्या एका तासाने कडेला मोठा लाल पट्टा उमटतो.

१४. वास्को आणि मुरगाव इथल्या आकृत्या एकमेकींवर चढतात. काय करू?

पूर्ण गोव्याच्या नकाशावर तिथे नुसते ठिपके ठेवा आणि मुरगाव तालुक्याचा मोठा नकाशा शेजारी वेगळा काढा. आकृत्या बाजूला सरकवून रेघेने जोडल्या तरी चालतं, उलट प्रश्न १३ मधला गैरसमज त्याने कमी होतो. दोन्ही आकृत्यांची रंगमर्यादा मात्र एकच ठेवा.

१५. सगळा गोवा रंगवून द्या ना! ठिपक्यांमधली जागा रिकामी बरी दिसत नाही.

रिकामी जागा म्हणजे तिथे कुणी मोजलं नाही. हीच माहिती लोकांपर्यंत पोचायला हवी.

'जीस्टॅट' पॅकेज अंतराच्या व्यस्त प्रमाणात किंवा क्रिगिंग या सांख्यिकी पद्धतीने केंद्रांच्या आकड्यांवरून अंदाज काढून मधली जागा भरून देतं, ते अवघड नाही. अवघड आहे ते रंगाला आधार असणं. क्रिगिंगसाठी तीस तरी जागा असाव्यात असा रूढ अंदाज आहे, आणि गणित असं धरून चालतं की जवळच्या जागांची हवा सारखी. गोव्यात हे कुठे लागू पडतं? खनिज वाहतुकीच्या रस्त्याकडेचं उसगावचं केंद्र आणि तिथून थोड्याच अंतरावरची पोफळीची बाग यांची धूळ सारखी नसते. किनाऱ्यापासून सह्याद्रीपर्यंत वारा, पाऊस, उंची सगळं बदलतं. रंगवलेल्या नकाशात म्हादई अभयारण्यालाही कुठल्यातरी औद्योगिक वसाहतीचा रंग लागतो.

तरीही करायचंच असेल तर एकेक केंद्र वगळून उरलेल्यांवरून त्याचा अंदाज काढा, आणि खऱ्या आकड्याशी ताडून बघा. फरक किती येतो ते नकाशाखाली छापा. तो छापण्याजोगा नसेल तर नकाशाही छापण्याजोगा नाही.

१६. मार्च २०२३ मध्ये सत्तरीच्या जंगलात वणवे लागले होते. आकड्यांच्या नकाशात ते का दिसत नाहीत?

आग जिथे लागली त्या रानात केंद्र नव्हतं, आणि आठवड्यातून दोनदाच नमुना घेणाऱ्या केंद्रावर मधल्या दिवसांचा धूर सुटतो. नासाच्या 'फर्म्स' सेवेतून आगीचे बिंदू मोफत मिळतात. त्यातला व्हिअर्स उपकरणाचा थर ३७५ मीटरपर्यंत बारीक आहे. ते वेगळ्या आकाराच्या खुणेने दाखवा, प्रदूषणाच्या रंगपट्टीत मिसळू नका. तो बिंदू उष्णतेचा आहे, धुराचा नाही, आणि ढगाखालची किंवा उपग्रह डोक्यावर नसतानाची आग त्यात येत नाही.

घरगुती स्वस्त सेन्सरचे आकडेही असेच वेगळ्या खुणेने दाखवावेत. ते प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात. आपल्याकडच्या दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर जास्त आकडा दाखवतो. पावसाळ्यातला आकडा तर दुरुस्ती केल्याशिवाय वापरूच नका.

१७. नकाशावर मराठीत गावांची नावं टाकली, तर चौकोन येतात किंवा जोडाक्षरं फुटतात.

चौकोन येतात कारण फॉन्टमध्ये देवनागरी नाही. 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' संगणकात बसवा आणि नकाशात त्याचं नाव द्या. जोडाक्षरं फुटण्याचं कारण वेगळं. 'शोटेक्स्ट' पॅकेज एकेक अक्षर सुटं मांडतं, त्यामुळे 'डिचोली'ची पहिली वेलांटी 'ड'च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'म्हापसा'चा 'म्ह' तुटतो. 'रॅग' पॅकेजच्या साधनाने ३०० डीपीआयचं पीएनजी चित्र काढा, अक्षरं नीट जुळून येतात. 'लीफलेट'च्या नकाशात ही अडचण नाही, कारण तिथे अक्षरं ब्राउझर मांडतो.

विंडोजवर फाइल वाचतानाच नावांची चिन्हं होत असतील तर 'आर'ची आवृत्ती ४.२ किंवा त्यापुढची घ्या. तिथपासून विंडोजवरही यूटीएफ-८ चालू झालं. गोव्यातल्या वाचकांसाठी नकाशा करताना एवढा खटाटोप करावाच.

१८. खाणी बंद होण्यापूर्वीचा आणि नंतरचा फरक एकाच नकाशावर दाखवायचा आहे. पूर्वीच्या तीन महिन्यांची नंतरच्या तीन महिन्यांशी तुलना चालेल का?

चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर खाणकाम १६ मार्च २०१८ पासून थांबलं. त्याच्या पुढचे तीन महिने घेतले तर जूनचा पाऊस त्यात येतो, आणि धूळ पावसाने बसली की ट्रक थांबल्यामुळे, हे सांगता येत नाही. शिवाय खनिज वाहतूक पावसाळ्यात अशीही मंदावलेली असायची. म्हणून ऋतूची त्याच ऋतूशी तुलना करा: डिसेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ विरुद्ध डिसेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९. २०१२ मधल्या बंदीसाठीही हीच रीत.

मग तुलनेला खाणपट्ट्याबाहेरचं एक केंद्र घ्या, उदाहरणार्थ म्हापसा. आमोणे, होंडा, कोडली इथली घट म्हापशाच्या घटीपेक्षा किती जास्त आहे, तो आकडा तुमच्या कामाचा. म्हापशातही तेवढीच घट असेल तर कारण खाण नव्हे, हवामान.

रंगपट्टी दुतर्फा घ्या: शून्याला पांढरा, घटीला निळा, वाढीला तांबडा, आणि दोन्ही टोकं शून्यापासून सारख्याच अंतरावर. 'आर' आपणहून टोकं आकड्यांच्या कमाल-किमानावर ठेवतं, आणि मग पांढरा रंग शून्यावर न राहता भलत्याच आकड्यावर जाऊ शकतो. 'ओपनएअरमॅप्स'मध्ये फरकाच्या पोलर आकृत्या काढणारं 'डिफमॅप' आहे, पण त्याला तासाचे आकडे आणि वारा दोन्ही लागतात. हाताने चालवायच्या केंद्रांसाठी 'जीजीप्लॉट२'चे साधे ठिपकेच घ्या.

शेवटची तपासणी केंद्राच्या जागेची. दोन्ही काळांतले अक्षांश-रेखांश ताडून बघा. यंत्र एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीवर गेलं असेल, रस्त्यापासून लांब किंवा उंच सरकलं असेल, तर नाव तेच राहिलं तरी ते दुसरं केंद्र धरा आणि फरकाच्या नकाशातून वगळा.